हिरवं नव्व्याण्णव

कोरिम्बा,
१५ जुलै २००७

ती. डेसदादास,
शि. सा. न. वि. वि. साष्टांग कागदावरच घातला आहे, गोड मानून घे. खरोखर वाकले तर उठताना खोकला येतो, आणि मग आमची टॉफी भुंकून सगळी गल्ली गोळा करते.

पत्रास कारण की तुझ्या बहिणीला एकसष्टाव्या वर्षी बढती मिळाली. हसू नकोस. आत बसून सिगारेट ओढायची बंदी तुमच्या टास्मानियात कधीच झाली, आमच्याकडे ती या महिन्यात आली. आता आमचा बोलिंग क्लब तुला ठाऊक आहे. हिरवळीवर चेंडू घरंगळवणारे मूठभर, आणि बारमध्ये बूड टेकून धूर सोडणारे गाडाभर. तेव्हा आमच्या वॉरन मॅनेजरने मागच्या बाजूला एक नवी जागा बांधून घेतली. तिला छप्पर आहे, तीन भिंती आहेत, गालिचा आहे, टीव्ही आहे, पैसे गिळणारी पोकी मशिनं आहेत. फक्त समुद्राकडची बाजू उघडी. कायदा म्हणतो, चारातला एक हिस्सा उघडा असला की ती खोली नव्हे, ते 'बाहेर'. नाव ठेवलंय टेरेस, आणि त्या टेरेसची मुख्य म्हणून वॉरनने माझी नेमणूक केली. मुख्य म्हणजे ग्लास उचलायचे, ॲशट्रे रिकामे करायचे आणि मशिनने पैसे दिलेच तर ते मोजून हातावर ठेवायचे. मोठी खुर्ची मिळाल्यासारखी मी ताठ चालते आहे.

एकच अडचण. उघड्या बाजूने दक्षिणेचा वारा असा येतो की बिअरवरचा फेस उडून जातो. आपला क्लॅरी आठवतो ना, बाबांच्या बरोबर मासेमारीला जायचा तो? आता त्याची कंबर गेली आहे. तो पहिल्याच दिवशी म्हणाला की नोली, मरायचंच असेल तर मी बोटीवरून पडून मेलो असतो, इथे गारठून मरायला वर्गणी कशाला भरू. मला दया आली. वाऱ्यासाठी म्हणून तिथे प्लास्टिकचे पारदर्शक पडदे गुंडाळून ठेवले आहेत, ते मी दोऱ्या सोडून खाली केले. सगळ्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता मी रोज आल्या आल्या पहिलं काम तेच करते.

पडदे पाडले की अर्थात ते 'बाहेर' राहत नाही. म्हणून वॉरनने एक युक्ती काढली आहे. तपासनीसाची गाडी दिसली की माईकवरून पुकारायचं, मटणाच्या ट्रेचं बक्षीस, हिरवं तिकीट नव्व्याण्णव. आमच्या सोडतीत हिरवी तिकिटं नसतातच. ते ऐकलं की मी धावत जाऊन पडदे वर गुंडाळायचे. परवा आम्ही तालीम केली, तर क्लॅरी खिसे चाचपत काउंटरवर जाऊन उभा, की माझं हिरवं तिकीट कुठेतरी पडलंय, ट्रे द्या. त्याला समजावताना नाकी नऊ आले. अजून तो म्हणतो की क्लब त्याला चॉप्सचं देणं लागतो.

बेरिलवहिनीला नमस्कार. लोभ आहे तो तिकडच्या थंडीत गोठू देऊ नकोस.
तुझी,
नोली


डेव्हनपोर्ट,
५ ऑगस्ट २००७

चि. नोलीस,
अ. उ. आ. तुझं पत्र बेरिलने चहाच्या वेळी मोठ्याने वाचलं आणि हिरव्या तिकिटापाशी तिचा केक घशात अडकला. मी पाठीत थोपटलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिला थोपटायचं निमित्त तू दिलंस, आभारी आहे.

पण बढतीबाई, रविवारी फोनवर तू खोकत खोकत तीनदा बोलणं तोडलंस. तू म्हणालीस फुलांच्या परागांमुळे होतं. ऑगस्टात, भर हिवाळ्यात, कोरिम्बात कुठली फुलं उमलतात, ते कळव, म्हणजे मी बियाणं मागवतो. मी स्वतः आयुष्यभर गाडीसारखा धूर सोडला, बेरिलने माझा पलंग ओसरीत टाकला तेव्हा कुठे सिगारेट सुटली. त्यामुळे खोकल्यातलं मला कळतं. गायनातलं कळत नाही, पण खोकल्यात मी उस्ताद आहे. तुझा खोकला परागांचा नाही.

दुसरं असं की येत्या एप्रिलात अँझॅक दिवसाला, युद्धात पडलेल्या पोरांच्या स्मृतिदिनाला, आम्ही दोघं येणार. स्मारकापाशी पहाटेच्या अंधारात बाबांचा बिगुल तू वाजवतेस, आणि मी इकडे टीव्हीवर दुसऱ्याच कुणाचा ऐकतो, हे आता पुरे झालं. बाबांनी बिगुल तुझ्या हाती दिला तो योग्यच दिला. मी फुंकला की गाय व्यायल्यासारखा आवाज यायचा, हे मी कबूल करतो, पण वर्षातून एकदाच. तेव्हा तयारी ठेव. मधल्या उंच लांब सुराला बाबा छाती कशी भरून घ्यायचे, ते मला तुझ्यात पुन्हा बघायचं आहे.

डॉक्टरकडे जाऊन ये. ही विनंती नाही, मोठ्या भावाचा हुकूम आहे, आणि तो तू कधीच ऐकत नाहीस हे गृहीत धरून वहिनीचाही शब्द जोडतो.
तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
डेस


कोरिम्बा,
२१ ऑक्टोबर २००७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. हुकूम पाळला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नवा डॉक्टर आला आहे, तरणाबांड, टेबलावर बायकोचा फोटो. त्याने मला विचारलं, रोज किती ओढता? मी म्हटलं एकही नाही. तो म्हणाला बरं, मग आधी किती ओढायचात? म्हटलं जन्मात नाही. त्याने पेन खाली ठेवलं आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं की इथे कुणी तुम्हाला रागावणार नाही. दादा, मी लाजेने लाल! जन्मभर जी बाई तुझ्या सिगारेटींवर व्याख्यानं देत आली, तिला कबुलीजबाब द्यायला बसवलं. बरं, त्याचाही दोष नाही. मी सरळ कामावरून गेले होते आणि माझ्या स्वेटरला बाबांच्या पाइपच्या डब्यासारखा वास येत होता.

मग एका नळीत फुंकायला दिलं. मी मनात म्हटलं, पोरा, आता बघ. बिगुल वाजवणाऱ्या बाईला फुंकायला सांगतोस? छाती भरून अशी फुंकले की डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याने कागदावरची रेघ दाखवली. रेघ चढली कमी आणि लोळली जास्त. म्हणाला, तुमची फुप्फुसं तुमच्यापेक्षा खूप म्हातारी झाली आहेत. जळत्या टोकाचा धूर आणि लोकांनी सोडलेला धूर, दोन्ही तुम्ही वर्षानुवर्षं घेताय. बारमध्ये आणि जुगाराच्या खोल्यांत राबणाऱ्यांना हे होतं, छातीला आणि हृदयालाही, हातात काडी न धरता होतं. गेलं ते परत येणार नाही, उरलं ते सांभाळता येईल, पण धुरातून बाहेर पडा.

मी त्याला समजावलं की मी बाहेरच असते. टेरेसचा सगळा कायदा सांगितला, चारातला एक हिस्सा, छप्पर, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की हा नियम धुराला कुणी वाचून दाखवला आहे का. मला इतका राग आला की मी औषधाच्या फवाऱ्याची चिठ्ठी तिथेच विसरले आणि परत जाऊन मागून आणावी लागली.

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाणारे मजेत आणि खवखव वाढपिणीला! क्लॅरी सत्त्याहत्तराचा, जागेपणी त्याच्या ओठातली सिगारेट विझत नाही, आणि तो बिलियर्डला मला हरवतो.

वॉरनकडेही गेले. जेवणाच्या हॉलात बदली दे म्हटलं. त्याने टेरेसचा नकाशा काढला, उघडी बाजू पट्टीने मोजून दाखवली आणि म्हणाला की नोली, ही जागा कायद्याने बाहेर आहे, आणि पडदे मी पाडतो का? ते तर तूच पाडतेस. आपलेच दात, आपलेच ओठ. मी परत आले आणि आल्या आल्या पडदेच पाडले, कारण क्लॅरी कुडकुडत होता.

आता तुला एक सांगते, वहिनीला वाचून दाखवू नकोस. गेल्या महिन्यात सराव करताना त्या उंच सुराला छातीतला वारा संपला. मी ठरवलं की बिगुलात दोष आहे, कुठेतरी बारीक चीर असणार. न्यूकॅसलला वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्याने तो उजेडात धरला, पाण्यात बुडवला, स्वतः वाजवून पाहिला. अख्ख्या दुकानात आवाज घुमला. म्हणाला, बाई, इतकं निर्दोष वाद्य मी या वर्षात पाहिलं नाही. मी त्याला पैसे दिले आणि बसमध्ये बसून रडले. दुरुस्तीला चुकीची वस्तू नेली होती.

लोभ असाच ठेव आणि रागाला जरा आवर घाल.
तुझी,
नोली


डेव्हनपोर्ट,
४ नोव्हेंबर २००७

चि. नोलीस,
अ. उ. आ. पत्र वहिनीला वाचून दाखवलं नाही. तिने माझ्या खिशातून काढून स्वतः वाचलं.

माझी तपासणी गेल्या महिन्यात झाली. डॉक्टर म्हणाला, छाती स्वच्छ, नशीबवान आहात. मला त्या नशिबाची लाज वाटली. ते तुझ्या वाट्याचं माझ्याकडे आलं असं वाटलं. असं काही नसतं, माहीत आहे, पण वाटलं.

थट्टा मला फार वेळ जमत नाही, म्हणून सरळ लिहितो. तू त्या टेरेसवर जायचं नाहीस. वॉरन काय म्हणतो, नकाशा काय म्हणतो, क्लॅरीची कंबर काय म्हणते, याच्याशी तुला काय करायचं आहे? क्लॅरीला एक घोंगडी दे. तुझं हे असं लहानपणापासूनच. पिकनिकला सगळ्यांना छत्रीखाली घ्यायचीस आणि स्वतः भाजून निघायचीस. आई म्हणायची की ही पोर दुसऱ्याच्या सावलीसाठी झाड होईल. आईला ते कौतुक वाटायचं. मला आज ते आठवून संताप येतो.

शेजारच्याचा जुना कॉर्नेट, बिगुलाचाच भाऊ, मागून आणला. म्हटलं, एप्रिलात तुला जमलं नाही तर मी उभा राहीन. मागच्या कुरणात जाऊन फुंकला. त्याच्या मेंढ्या कुंपणापर्यंत धावत आल्या, त्यांना वाटलं खायला मिळणार. तेव्हा माझ्यावर विसंबू नकोस.

नोली, आईबाबा गेल्यावर मला लहानपणी ओळखणारं माणूस तू एकटीच उरली आहेस. तू गेलीस तर मी गायीसारखा आवाज काढायचो हे जगात कुणालाही माहीत राहणार नाही, आणि ते मला सहन होणार नाही. मला भीती वाटते, एवढंच.

उत्तर लौकर लिही, आणि त्यात विनोद कमी असला तरी चालेल.
तुझा,
डेस


कोरिम्बा,
१७ फेब्रुवारी २००८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला. विनोद कमी करून लिहायला बसले होते, पण घडलंच असं की माझा इलाज नाही.

वॉरनने मला ईस्टरनंतर बघू असं सांगून ठेवलं होतं. मी थांबले. नाही म्हणणाऱ्याशी मी भांडू शकते, बघू म्हणणाऱ्यापुढे माझं काही चालत नाही. आणि खरं सांगायचं तर टेरेस सोडायचं मलाही जिवावर आलं होतं. तिथे माझ्यावाचून पान हलत नाही असा माझा समज.

मागच्या गुरुवारी पाऊस आडवा झोडपत होता, म्हणून भर उन्हाळ्यात पडदे खाली. धूर इतका की टीव्हीवरचे घोडे धुक्यातून धावत होते. एवढ्यात माईकवरून आलं, हिरवं तिकीट नव्व्याण्णव. मी धावले. पहिला पडदा वर गेला. दुसऱ्याची दोरी ओढता ओढता छातीत कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं झालं. श्वास बाहेर जाईना, आत येईना. मी दोरी धरूनच खाली बसले आणि पडदा अर्ध्यावर लोंबकळत राहिला.

तपासनीस म्हणजे जेमतेम पंचविशीतली मुलगी. वही बाजूला टाकून तीच धावत आली. क्लॅरी आणि तिने मला दोन्हीकडून धरलं आणि मोकळ्या हवेत नेलं, पावसात, गाडीतळावर. दादा, मी कायद्याने आधीच बाहेर होते! बाहेरच्या बाईला हवा लागावी म्हणून बाहेर न्यावं लागलं. फवारा घेतला, थोडं उघडलं, आणि मला हे सुचून हसू आलं, आणि हसल्यावर पुन्हा कोंडलं. मग क्लॅरी ओरडला की ही मेली तरी थट्टा करत मरेल, हिला गप्प करा.

त्या मुलीने नंतर मोजमाप घेतलं. तोवर कुणीतरी बाकीचे पडदे वर केले होते. उघडी बाजू नियमात बसली. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली की कागदावर सगळं ठीक आहे, मला वाईट वाटतं. तिला खरंच वाटत होतं. मी तिला पडद्यांचं सांगू शकले असते. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण वॉरन समोर उभा, त्याच्या मागे माझे सगळे म्हातारे, आणि मी म्हणाले की हवामानामुळे असेल. ऑगस्टातल्या परागांची बहीण मी. शिव्या दे, पण एकदाच दे.

डॉक्टर म्हणाला की पुढच्या वेळी गाडीतळ पुरणार नाही. दोन आठवडे रजेवर आहे. सराव रोज करते. त्या उंच सुरापर्यंत जाते, पुढे रस्ता संपतो. पण एप्रिलात तू येतोयस, तेव्हा काहीतरी होईल. तू शेजारी उभा राहिलास तरी मला बळ येईल. कॉर्नेट मात्र आणू नकोस.

तुझ्या लोभाला पात्र नसलेली,
नोली


डेव्हनपोर्ट,
१३ एप्रिल २००८

चि. नोलीस,
अ. उ. आ. फार वाईट बातमी. बेरिल काल कोंबड्यांच्या खुराड्यात घसरली आणि घोटा मोडला. प्लास्टर घातलं आहे, प्रवास बंद. बोटीची तिकिटं परत केली. ती स्वतःच्या घोट्यावर इतकी चिडली आहे की त्याच्याशी बोलत नाही.

शिव्या देणार होतो, दिल्या नाहीत. बेरिल म्हणाली, दमलेल्या माणसाला शिव्या जड जातात. फक्त हे लक्षात ठेव. बाबांचा सूर मोडला तर मोडू दे. बाबा रागावणार नाहीत. मोडलेल्या सुरावर कुणी रडलं तर तो युद्धात गेलेल्या पोरांसाठीच रडेल. पण तू मोडलीस तर मी बाबांनाही माफ करणार नाही.

पंचवीस तारखेला पहाटे आम्ही ओसरीत उभे राहू, तुझ्या दिशेला तोंड करून. ऐकू येणार नाही, तरी.
तुझा,
डेस


कोरिम्बा,
४ मे २००८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. वहिनीच्या घोट्याला वेगळा नमस्कार. तो लौकर शहाणा होवो.

वाजवलं. सगळं सांगते.

अंधार होता, समुद्र शांत. अख्खं कोरिम्बा कोट घालून स्मारकाभोवती उभं. सुरुवात बरी झाली. उंच सुराशी पोचले आणि वारा संपला. मी बिगुल ओठांवरून काढला. सगळीकडे अशी शांतता की ध्वजाची दोरी खांबावर आपटलेली ऐकू येत होती. मला बाबांची आठवण आली नाही, तुझी आली, ओसरीत उभा असलेला तू. मग हळूहळू श्वास भरला, जेवढा मावला तेवढा, आणि पुढचं वाजवून पुरं केलं.

आणि आता ऐक गंमत. ती थांबलेली जागा सगळ्यांना फार आवडली! पाद्रीबाबा म्हणाले, मधलं मौन काळजाला भिडलं, दरवर्षी ठेवा. शाळेच्या बाई म्हणाल्या, काय ती कल्पना! वॉरनने हात हातात घेऊन सांगितलं की असं भावपूर्ण वादन कधी ऐकलं नव्हतं. माझ्या फुप्फुसांचं यापूर्वी इतकं कौतुक झालं नव्हतं. एकटा क्लॅरी कौतुक करायला आला नाही. टोपी हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला. गाडीतळावर मला धरून उभा होता ना, ती कोंडलेल्या श्वासाची धाप त्याला ओळखू आली.

मग नेहमीसारखे सगळे क्लबात. दुधात रम घालून झाली, अंगणात नाणी उडवायचा जुगार सुरू झाला. रजा संपल्यापासून मी टेरेसवरच होते, वॉरनचं बघू अजून संपलं नव्हतं. आत शिरले तो वारा बोचत होता. सवयीने हात दोरीकडे गेला आणि पडदे खाली आले. इतकं सगळं होऊन, दादा, हात गेलाच. एवढ्यात माईकवरून पुकारा, हिरवं तिकीट नव्व्याण्णव. मी वळले आणि धावणार, तोच क्लॅरीने मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि खेकसला की बस खाली बये. मग तो आणि ते सगळे म्हातारे उठले. ज्यांना बूट घालायला बायको लागते त्यांनी एकेक दोरी ओढून सगळे पडदे वर नेले, बांधले, आणि सिगारेटी घेऊन एकामागून एक गाडीतळावर चालते झाले, शिव्या देत, दात वाजवत. तपासनीस वगैरे कुणीच आलं नव्हतं. क्लॅरीनेच माईकवाल्याला सांगून ठेवलं होतं. जाताना त्याने मटणाचा ट्रे माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाला, हे तिकीट कधीचं तुझ्याच नावावर होतं, आम्हीच उशिरा वाचलं.

मी त्या रिकाम्या टेरेसमध्ये ट्रे घेऊन बसले आणि हुंदके देऊन रडले. नंतर मोजलं तर चॉप्स कमी, सॉसेजच जास्त होते.

तू म्हणशील, झालं, गोड शेवट. नाही रे. सोमवारी दक्षिणेचा वारा सुटला आणि निम्मे म्हातारे पुन्हा आत. त्यांना मी दोष देत नाही. माणसं चांगली असतात, पण गारठ्यात चांगुलपणाला कोट लागतो. पडद्यांचं काय झालं ते मी पाहिलं नाही, कारण मी तिथे नव्हते. सकाळीच वॉरनला सांगून टाकलं होतं की आजपासून जेवणाचा हॉल, नाहीतर घर. तो बघू म्हणाला. मी म्हटलं, माझं बघून झालं आहे. त्याने लगेच हॉल दिला. इतकं सोपं होतं! मग हसत म्हणाला की ठीक, तुझ्या जागी दुसरी बाई घेतो, तिला जाता जाता पडदे कसे सोडायचे ते शिकव.

दादा, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की माझ्या जागी कुणीतरी उभी राहील. मी स्वतःला इतकी अपरिहार्य समजत होते! मी त्याला म्हटलं, शिकवणार नाही. आणि तू ती बाई आणलीस तर तपासनीस मुलीला हिरव्या नव्व्याण्णवाची सगळी गोष्ट मी स्वतः लिहीन. या वेळी परागांचं नाव नाही.

मंगळवारी कमिटी बसली. कोण काय बोललं कळलं नाही, पण क्लॅरी कमिटीत आहे आणि आवाज पार हिरवळीपर्यंत येत होता. आता दाराशी एक टेबल ठेवलंय. टेरेसवर ज्याला ओढायची आहे त्याने आपला ग्लास आपण न्यायचा, आपण आणायचा, आपली राख आपण टाकायची. कुणी बाई आत जाणार नाही. पहिल्याच दिवशी क्लॅरीने दोन ग्लास फोडले आणि ट्रेला बिअरची आंघोळ घातली. मी हॉलमधून पाहिलं आणि उठले नाही. दादा, आयुष्यात पहिल्यांदा मी उठले नाही.

डॉक्टरने पुन्हा फुंकायला लावलं. रेघ वर गेली नाही, पण खालीही आली नाही. तो म्हणाला, आता एवढंच धरून ठेवायचं. एवढ्या श्वासात बाबांची धून बसते, मध्ये एक थांबा घेऊन. पुढच्या एप्रिलला तू ये आणि माझ्या शेजारी उभा राहा. मी मध्येच थांबले की घाबरू नकोस आणि फुंकायला तर मुळीच जाऊ नकोस. मी श्वास घेत असेन.

लोभ वाढावा, श्वास टिकावा, बाकी देवाच्या मर्जीवर.
तुझी,
नोली